दीर्घ पल्ल्याच्या धावपटूचा चरितार्थ

कोल्हापूर जिल्ह्याच्या दक्षिण भागात, गडहिंग्लज तालुक्यात नेसरी हे गाव आहे. १६७४ साली सरसेनापती प्रतापराव गुजर सहा सोबत्यांनिशी बहलोलखानाच्या फौजेवर तुटून पडले, ती खिंड याच गावाजवळची. या टापूतील रस्त्यांवर आज उजाडण्यापूर्वी तरुण मुले धावत असतात. बहुतेकांचे लक्ष सैन्यभरतीकडे असते. सोळाशे मीटरांचे अंतर साडेपाच मिनिटांत काटले म्हणजे त्या चाचणीत पूर्ण गुण मिळतात. यांपैकी एखाद्याने धावणे हाच आपला व्यवसाय करावयाचे ठरविले, तर त्याचा चरितार्थ चालेल काय, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पूर्वी या प्रश्नाला जागाच नव्हती. नेसरीहून फारसे दूर नसलेल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले. दोराबजी टाटा यांच्या पुढाकाराने गेलेल्या त्या चमूत ते होते. २ तास ५० मिनिटांच्या सुमारास शर्यत पुरी करून त्यांनी एकोणिसावा क्रमांक मिळविला. परंतु त्या काळी ऑलिंपिक केवळ हौशी खेळाडूंसाठी होते. धावण्याबद्दल पैसे घेणे हा दोषच मानला जाई. फिनलंडच्या नुर्मीसारख्या थोर धावपटूलाही याच कारणास्तव १९३२ साली ऑलिंपिकची दारे बंद झाली. ज्याच्या घरी शेत वा पेढी नाही, त्याने हौस किती दिवस करावी?

पुढे तो नियम गेला. अडचण मात्र राहिली. दीर्घ पल्ल्याची दौड ही सावकाश पिकणारी विद्या आहे. हृदयाची रक्त पुरविण्याची शक्ती आणि स्नायूंची प्राणवायू वापरण्याची शक्ती वर्षानुवर्षांच्या सरावानेच वाढते. मॅरेथॉनचा अव्वल धावपटू आठवड्यास दीडशे किलोमीटरांहून अधिक धावतो. उत्तम कामगिरी बहुधा पंचविशीनंतर होते, आणि बक्षिसे कामगिरीनंतर येतात. मग मधल्या वर्षांत अन्न, विश्रांती आणि बूट कोणी पुरवावयाचे?

बीड जिल्ह्यातील मांडव्याच्या अविनाश साबळे यांच्या चरित्रात याचे उत्तर सापडते. आईवडील वीटभट्टीवर राबत. शाळा कित्येक किलोमीटर दूर. बारावीनंतर ते महार रेजिमेंटमध्ये शिपाई झाले आणि सियाचीनच्या बर्फातही राहिले. स्पर्धात्मक धावणे सुरू झाले ते २०१५ साली, सैन्यातील क्रॉसकंट्री शर्यतींपासून. नंतर प्रशिक्षक अमरीश कुमार यांनी त्यांना तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीकडे वळविले. तीत अठ्ठावीस अडथळे आणि सात पाण्याच्या उड्या असतात. २०१८ साली त्यांनी गोपाल सैनी यांचा १९८१ पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला. २०२२ साली राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक एका सेकंदाच्या विसाव्या भागाने हुकले व रौप्य मिळाले. २०२३ साली हांगझोऊ येथे आशियाई सुवर्णपदक लाभले. जुलै २०२५ मध्ये मोनॅकोच्या शर्यतीत पडून गुडघा दुखावला आणि शस्त्रक्रिया करावी लागली. धावपटूचे सारे भांडवल असे एका सांध्यावर उभे असते. अशा वेळी नोकरीचा आधार केवढा मोलाचा, हे निराळे सांगावयास नको.

साताऱ्याच्या मोही गावच्या ललिता बाबर यांची हकीकतही बोधप्रद आहे. मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत त्या लागोपाठ तीन वर्षे पहिल्या आल्या. पुढे अडथळ्यांच्या शर्यतीत २०१६ च्या रिओ ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठून त्यांनी दहावे स्थान मिळविले. पी. टी. उषा यांच्यानंतर बत्तीस वर्षांनी एका भारतीय स्त्रीने धावपट्टीवरील अंतिम फेरी पाहिली. नंतर राज्य शासनाने त्यांना महसूल खात्यात अधिकारपद दिले.

या दोन आधारांत मात्र महत्त्वाचा भेद आहे. शासनाची नोकरी यशानंतर आली. पलटणीची भाकरी यशापूर्वी मिळाली. पदकांची संख्या वाढावी असे वाटत असेल, तर दुसऱ्या प्रकारचा आधार वाढला पाहिजे. सोळाव्या वर्षी दूध, अंडी, जाणता शिक्षक आणि दुखापतीत उपचार, एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले. विजयी वीराला हार घालणारे हात आपल्याकडे पुष्कळ आहेत. पहाटे धावणाऱ्या अनाम मुलाच्या पाठीवर पडणारे हात हवे आहेत. तोवर त्या मुलाने भरतीची चाचणी तुच्छ लेखू नये. त्याच्यासाठी लांबच्या शर्यतीचा पहिला टप्पा तोच आहे.