कचेरीतील संगणक आणि जमिनीचा उतारा

वैयक्तिक संगणक सरकारी कचेरीत प्रथम आला तो टंकयंत्राचा मदतनीस म्हणून. पत्रे लिहिणे, पगारपत्रके तयार करणे, याद्या छापणे एवढेच काम त्याजकडे सोपविले जाई. मूळ दप्तर कागदावरच राही. पुढे हे नाते उलटले. संगणकातील नोंद हीच मूळ नोंद ठरली आणि कागद तिची प्रत झाला. या स्थित्यंतराचे ठळक उदाहरण म्हणजे कर्नाटकातील ‘भूमी’ योजना.

जमिनीच्या उताऱ्याचे महत्त्व बेळगाव भागातील खातेदारास सांगावयास नको. पीककर्ज असो, खरेदी-विक्री असो वा कोर्टाचे काम, उताऱ्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. पूर्वी तलाठी तो हाताने लिहून देत. राज्यातील सुमारे ९,००० तलाठ्यांकडे विखुरलेल्या या दप्तरात कोणी, केव्हा बदल केला हे पडताळणे कठीण होते. शिवाय हेलपाटे घालावे लागत ते निराळेच. २००१ सालच्या सुमारास १७७ तालुक्यांतील सुमारे २ कोटी उतारे संगणकावर आले आणि हस्तलिखित उताऱ्याची कायदेशीर मान्यता संपुष्टात आली. तालुका केंद्रावर १५ रुपये भरून उतारा मिळू लागला. आज तर तो इंटरनेटवरूनही काढता येतो.

या योजनेतील तीन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. फेरफाराच्या अर्जांस अनुक्रमांक देऊन ते आलेल्या क्रमानेच हाती घेण्याचे बंधन घालण्यात आले. नोंदीत बदल करणाऱ्या कर्मचाऱ्याची ओळख बोटाच्या ठशावरून पटविण्यात येऊ लागली. त्यामुळे जबाबदारी झटकण्यास वाव राहिला नाही. तसेच केंद्रातील दुसरा पडदा अर्जदाराकडे तोंड करून ठेवण्यात आला. आपल्या नोंदीवर काय काम चालले आहे हे त्यास प्रत्यक्ष दिसावे, हा त्यामागील हेतू.

तथापि संगणकास खरेखोटे कळत नाही. मूळ दप्तरातील चूक तो तशीच छापतो, आणि छापील अक्षरामुळे ती अधिक खरी भासते. म्हणून उतारा हाती येताच नाव, सर्व्हे क्रमांक, क्षेत्र व कर्जाचा बोजा तपासून पाहावा. उतारा कन्नडमध्ये असल्याने ज्यांना ती लिपी अवगत नाही त्यांनी तो जाणकाराकडून वाचवून घ्यावा. गावच्या शिक्षकांनी या कामी अवश्य साह्य करावे. चूक आढळल्यास तहसीलदार कचेरीत लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. नोंद यंत्रात गेली तरी तिच्यावर नजर ठेवण्याचे काम खातेदाराचेच आहे.