मुलाजवळ राहण्याचा परवाना

आम्ही मच्छेकर सीमेवर वाढलेली माणसे. सकाळी शिनोळीस जाऊन संध्याकाळी घरी परतावे, निपाणीची लेक कोल्हापूरकडे द्यावी, चंदगडची सून बेळगावात आणावी, हा इकडचा नित्याचा व्यवहार. राज्याची हद्द ओलांडताना आम्हांस कोणी कागद विचारीत नाही. परंतु हद्दीवर पहारा असला म्हणजे काय होते, हे या भागातील वयोवृद्धांस ठाऊक आहे. गोवा पोर्तुगीजांच्या ताब्यात होता त्या काळाच्या अखेरच्या वर्षांत, कॅसलरॉकच्या पलीकडे परवान्यावाचून ये-जा करता येत नसे. कोणाचे माहेर पलीकडे, कोणाचे सासर अलीकडे; नाते तेच, अंतर तेच, पण मध्ये एक कागद येऊन उभा राहिला होता. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि ती रेषा पुसली गेली.

पुसल्या न जाणाऱ्या अशाच एका रेषेविषयी या लेखात आम्हांस सांगावयाचे आहे. दोन निरनिराळ्या देशांच्या नागरिकांनी विवाह केला, त्यांना मूल झाले आणि पुढे घटस्फोट झाला, तर परदेशी असलेल्या आईने वा वडिलांनी मुलाजवळ राहावयाचे कोणत्या आधारावर? प्रश्न दूरचा वाटेल. पण तो तितका दूरचा नाही, हे लेखाच्या ओघात वाचकांच्या ध्यानात येईल.

प्रथम दोन शब्दांचा अर्थ नीट समजून घेऊ. पारपत्र म्हणजे पासपोर्ट. तो आपला देश आपल्याला देतो आणि ‘हा माझा नागरिक आहे’ असे जगाला सांगतो. व्हिसा दुसरा देश देतो. ‘या कामासाठी, इतक्या मुदतीपुरते, तुम्ही आमच्याकडे या’ असा तो परवाना असतो. शिक्षणासाठी आलेल्यास विद्यार्थ्याचा, नोकरीसाठी आलेल्यास नोकरीचा, सहलीस आलेल्यास पर्यटकाचा. म्हणजे प्रत्येक व्हिसाच्या मुळाशी एक कारण असते. ते कारण संपले की व्हिसाचा पायाच निखळतो.

एखादी परदेशी व्यक्ती विवाहामुळे एखाद्या देशात राहू लागते, तेव्हा तिच्या परवान्याचे कारण ‘विवाह’ असे लिहिलेले असते. विवाह मोडला की कारण संपते. परंतु आईपण किंवा बापपण संपते काय? पती-पत्नी हे नाते न्यायालयाच्या हुकुमाने तुटू शकते. पिता-पुत्र वा माता-कन्या हे नाते कोणत्याही हुकुमाने तुटत नाही. साऱ्या अडचणीचे मूळ येथे आहे. जे नाते तुटू शकते त्याला परवाना बांधलेला आहे आणि जे तुटू शकत नाही ते परवान्याच्या कागदावर कोठेच लिहिलेले नाही.

या प्रश्नाचा सर्वांत बोलका दाखला युरोपातील आहे. बेर्रेहाब नावाच्या एका मोरोक्कन गृहस्थाने १९७७ मध्ये हॉलंडमधील एका स्त्रीशी विवाह केला. त्याला तेथे राहण्याची जी परवानगी मिळाली, ती केवळ डच पत्नीसमवेत राहता यावे एवढ्यासाठीच होती. १९७९ च्या ऑगस्टमध्ये त्यांचा विवाह संपुष्टात आला आणि त्याच महिन्यात, काही दिवसांतच, त्यांच्या मुलीचा जन्म झाला. पित्याने मुदतवाढीसाठी अर्ज केला. सरकारने तो नाकारला, कारण ज्या कारणासाठी परवानगी दिली होती ते कारण आता उरले नव्हते. पित्याविरुद्ध कोणताही गुन्हा नव्हता. त्याला काम होते, घर होते. तो आठवड्यातून चार वेळा, प्रत्येक वेळी काही तास, आपल्या चिमुकलीस भेटत असे. मुलीच्या आईचाही त्याला विरोध नव्हता. उलट तिने त्याच्या बाजूने लढा दिला. तरीही १९८४ च्या जानेवारीत त्याला देशाबाहेर पाठविण्यात आले.

हे प्रकरण स्ट्रासबर्ग येथील युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे गेले. मोरोक्कोत राहून पित्याने अल्प मुदतीच्या व्हिसावर अधूनमधून यावे व मुलीस भेटावे, असा मार्ग सरकारपक्षाने सुचविला होता. न्यायालयास तो व्यवहारात उतरणारा वाटला नाही. मूल लहान असते तेव्हा सहवास हेच त्याच्या प्रेमाचे अन्न असते. वर्षातून एकदा दिसणारा बाप त्याला पाहुणाच वाटणार. २१ जून १९८८ रोजी न्यायालयाने सहा विरुद्ध एक मताने निर्णय दिला, की या हद्दपारीने पित्याच्या व मुलीच्या कौटुंबिक जीवनाच्या हक्काचा भंग झाला आहे. आईबाप एका छपराखाली राहत नसले, तरी मूल आणि त्याचे पालक यांच्यातील नाते ‘कुटुंब’ या शब्दात मोडतेच, हे या निकालाने ठसविले.

या कथेतील एक विलक्षण गोष्ट सांगावयाची राहिली. निकाल लागण्यापूर्वीच, १९८५ मध्ये, त्या दोघांनी एकमेकांशी पुन्हा विवाह केला आणि त्यानंतर पित्यास हॉलंडमध्ये राहण्याची परवानगी मिळाली. परवानगीचे कारण काय? पुन्हा तेच: डच पत्नीसमवेत राहता यावे! मुलगी त्या वेळी सहा वर्षांची होत आली होती. पण तिचा बाप म्हणून त्याला दार उघडले नव्हते.

आता आपल्याकडे वळू. न्यायालयात येणाऱ्या अशा तंट्यांत भारतीय कायद्याची कसोटी एकच आहे: मुलाचे हित. १८९० चा पालक व पाल्य कायदा तेच सांगतो आणि १९५६ चा हिंदू अज्ञान व पालकत्व कायदाही तेच सांगतो. या कसोटीचा प्रसिद्ध दाखला पुण्याशी निगडित आहे. अमेरिकेतील मिशिगन राज्यात एलिझाबेथ दिनशा या अमेरिकन स्त्रीचा भारतीय पतीशी १९८५ मध्ये घटस्फोट झाला. तेथील न्यायालयाने मुलाचा ताबा आईकडे दिला आणि पित्यास भेटीचा हक्क दिला. १९८६ च्या जानेवारीत पित्याने भेटीच्या निमित्ताने मुलास शाळेतून नेले आणि थेट पुण्यास आणले. आईने भारताच्या सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावले. ११ नोव्हेंबर १९८६ रोजी न्यायालयाने मुलास आईच्या स्वाधीन करण्याचा आदेश दिला. आई परदेशी आहे म्हणून तिचा हक्क उणा ठरला नाही, आणि पिता आपल्या देशाचा आहे म्हणून त्याच्या कृत्यावर पांघरूण घातले गेले नाही.

तथापि न्यायालयाचा निर्णय आणि व्हिसा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलाने कोणाजवळ राहावे, कोणी त्यास केव्हा भेटावे, हे न्यायाधीश ठरवितात. पण त्या देशात कोणी किती दिवस राहावे, हे सरकारचे दुसरे खाते ठरविते. दर शनिवारी भेटण्याचा हुकूम हातात असावा आणि शुक्रवारी व्हिसाची मुदत संपावी, असा प्रसंग येऊ शकतो. आपल्या देशात पाहा. भारतीय नागरिकाशी विवाह झालेल्या परदेशी व्यक्तीस, विवाह नोंदलेला असून तो दोन वर्षे टिकला असेल, तर ‘भारताचा परदेशस्थ नागरिक’ म्हणून नोंदणी करून घेण्याची सोय नागरिकत्व कायद्याच्या ७-अ या कलमात आहे. तिला सामान्यतः ओ. सी. आय. कार्ड म्हणतात. असे कार्ड असले की वारंवार व्हिसा मागावा लागत नाही. परंतु केवळ विवाहाच्या नात्याने मिळालेली ही नोंदणी, न्यायालयाने विवाह विसर्जित केल्यास, रद्द करण्याचा अधिकार त्याच कायद्याच्या ७-ड या कलमाने सरकारला दिला आहे. तसे झाले तर त्या आईस वा पित्यास दुसऱ्या कारणाचा व्हिसा शोधणे भाग पडते. पर्यटक म्हणून यावे तर नोकरी करता येत नाही आणि सलग राहण्यासही मर्यादा पडते. नोकरीच्या व्हिसावर यावे तर नोकरी सुटताच पुन्हा तोच प्रश्न.

आणि ‘परदेशी’ म्हणजे कोणी गोरा साहेबच, असा समज वाचकांनी करून घेऊ नये. आमच्या मच्छे येथे विश्वेश्वरय्या तंत्रविद्यापीठ आहे. बेळगाव परिसरातील कितीतरी मुलेमुली अभियंते होऊन परदेशी जातात. अमेरिकेत नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्या मराठी तरुणाची पत्नी बहुधा त्याच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसाने तेथे राहते. मूल तेथे जन्मले की ते जन्मानेच अमेरिकन नागरिक होते. आता घटस्फोट झाला, तर पत्नीच्या व्हिसाचा आधार जातो. मूल मोठे होऊन आईसाठी कायम वास्तव्याचा अर्ज करू शकेल खरे. पण त्यासाठी त्याची २१ वर्षे पुरी व्हावी लागतात! तोवर आईने स्वतःच्या नोकरीचा वा शिक्षणाचा व्हिसा मिळवावा, नाहीतर मुलास मागे ठेवून परतावे. अशा वेळी ‘परदेशी पालक’ म्हणजे आपल्याच गल्लीत वाढलेली एखादी लेक असते.

सरकारांचीही बाजू आहे, हे नाकारून चालणार नाही. केवळ परवान्यासाठी लटके विवाह होतात. मुलाचे नाव पुढे करून त्याच्याकडे ढुंकूनही न पाहणारे पालक असतात. आपल्या देशात कोणी यावे हे ठरविण्याचा अधिकार प्रत्येक देशास आहे. हॉलंडच्या सरकारनेही देशाच्या आर्थिक हिताचे कारण दिले होते. परंतु खरे पालक व खोटे पालक यांची निवड करता येते. ब्रिटनमध्ये ब्रिटिश मुलाच्या परदेशी पालकासाठी स्वतंत्र व्हिसा आहे. मूल त्याच्याजवळ राहत नसले, तरी प्रत्यक्ष भेटीचा हक्क आणि संगोपनातील आपला वाटा त्याने पुराव्याने दाखवावा लागतो. म्हणजे तेथे परवाना विवाहाला न बांधता पालकत्वाला बांधला आहे. आमच्या मते हाच न्याय्य मार्ग होय.

संयुक्त राष्ट्रांनी २० नोव्हेंबर १९८९ रोजी बालहक्कांचा करार संमत केला आणि भारताने तो १९९२ मध्ये मान्य केला. आईबाप वेगळे झाले किंवा निरनिराळ्या देशांत राहत असले, तरी दोघांशीही नियमित संबंध ठेवण्याचा हक्क बालकास आहे, असे त्यात म्हटले आहे. हा हक्क आईचा नाही, बापाचा नाही. तो मुलाचा आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये, यशिता साहू प्रकरणात, मुलाला आईवडील दोघांच्याही प्रेमाची गरज असते यावर भर दिला आणि जेथे प्रत्यक्ष भेट शक्य नाही तेथे दूरध्वनी व दृक्‌संवादाने संपर्क राखावा असे सुचविले. दूरध्वनीवर आवाज ऐकू येतो. परंतु तापाने फणफणलेल्या कपाळावर हात ठेवता येत नाही, हेही तितकेच खरे.

अशा कुटुंबांनी काय करावे? भेटीचे दिवस तोंडी न ठरविता न्यायालयाच्या लेखी आदेशात नोंदवून घ्यावे. व्हिसाची मुदत संपेपर्यंत न थांबता अगोदरच जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा. मुलाच्या शाळेत, दवाखान्यात, खर्चात आपला जो वाटा असेल त्याचे कागद जपून ठेवावे. पालकत्वाचा पुरावा मागितला जातो तेव्हा तेच उपयोगी पडतात. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, एकमेकांवरील राग काढण्यासाठी मुलाचे पारपत्र दडवू नये वा त्याला गुपचूप दुसऱ्या देशी नेऊ नये. हॉलंडमधील त्या मातेचा पतीशी संसार मोडला होता. तरीही मुलीचा बाप मुलीजवळ राहावा म्हणून ती न्यायालयात उभी राहिली. कायदा बदलावयास वर्षे लागतात. एवढे मन मोठे करणे मात्र कोणत्याही घरास आजच शक्य आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुमच्यापैकी पुष्कळांच्या आईवडिलांना संध्याकाळी तुम्हांस भेटण्यासाठी कोणाचीही परवानगी काढावी लागत नाही. आज शाळा सुटल्यावर दारात कोणी आपली वाट पाहत असेल, तर हे एक वाक्य आठवा: जगात अशीही मुले आहेत, ज्यांच्या दारातले ते माणूस एका शिक्क्यासाठी खिडकीपुढे रांगेत उभे आहे.