रिलेशनल डेटाबेसमधील फंक्शन : उत्तरांचे कॅशिंग आणि क्वेरी ऑप्टिमायझेशन

प्रस्तावना :
प्रवेश, शुल्क, शिष्यवृत्ती व निकाल यांच्या नोंदी महाविद्यालये आज रिलेशनल डेटाबेसमध्ये ठेवतात. ई. एफ. कॉड यांनी १९७० मध्ये मांडलेल्या या प्रतिमानात 'काय हवे' एवढेच सांगावे लागते. 'कसे शोधावे' हे प्रणालीतील ऑप्टिमायझर ठरवतो. पर्यायी मार्गांच्या खर्चाचा अंदाज घेऊन स्वस्त मार्ग निवडण्याची पॅट्रिशिया सेलिंजर व त्यांच्या सहकाऱ्यांची १९७९ ची पद्धत आजही बहुतेक प्रणालींचा पाया आहे. मात्र क्वेरीमध्ये वापरकर्त्याने लिहिलेले फंक्शन आले की ही पद्धत अडखळते. त्याची कारणे व उपाय यांचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

समस्येचे स्वरूप :
कोल्हापुरातील एखाद्या महाविद्यालयात ६,००० विद्यार्थी व २० अभ्यासक्रम आहेत, असे समजावे. अभ्यासक्रमाचा संकेतांक दिला असता शुल्क सांगणारे एक फंक्शन आहे. सर्व विद्यार्थ्यांची यादी काढताना ते ६,००० वेळा चालते. वस्तुतः भिन्न उत्तरे जास्तीत जास्त २० आहेत. ऑप्टिमायझरच्या दृष्टीने फंक्शन ही बंद पेटी असल्याने आत काय चालते हे त्याला दिसत नाही.

पहिला उपाय – उत्तर स्मरणात ठेवणे :
एकदा काढलेले उत्तर जपून ठेवणारी 'मेमो फंक्शन' ही कल्पना डोनाल्ड मिची यांनी १९६८ मध्ये मांडली. ओरॅकलने २००७ च्या ११जी आवृत्तीत फंक्शनच्या उत्तरांचे कॅशिंग उपलब्ध केले. पोस्टग्रेस्क्यूएलच्या २०२१ मधील १४ व्या आवृत्तीत तक्त्यांच्या जोडणीपुरती अशी सोय आली. वरील उदाहरणात यामुळे ६,००० ऐवजी २० वेळाच काम करावे लागते.

परंतु या उपायास दोन अटी आहेत. पहिली, तेच आदान वारंवार यावयास हवे. कौटुंबिक उत्पन्नावरून शिष्यवृत्तीची पात्रता ठरविणाऱ्या फंक्शनमध्ये उत्पन्नाचा आकडा क्वचितच जुळतो. तेथे कॅशिंगचा लाभ नगण्य ठरतो. दुसरी अट अधिक गंभीर आहे : उत्तर ज्यावर अवलंबून आहे ते बदलता कामा नये. राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेची उत्पन्नमर्यादा २०१७ मध्ये ६ लाखांवरून ८ लाख रुपये करण्यात आली. अशा वेळी जुने उत्तर शिल्लक राहिल्यास ७ लाख उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थी पात्र असूनही यादीतून वगळला जाईल आणि प्रणाली कोणतीही चूक दर्शविणार नाही.

संबंधित तक्ता बदलताच ओरॅकल साठविलेली उत्तरे रद्द करते. पोस्टग्रेस्क्यूएलमध्ये मात्र फंक्शन 'इम्युटेबल', म्हणजे अपरिवर्तनीय, असल्याचे प्रोग्रामरने घोषित केले तर प्रणाली त्या शब्दावर विश्वास ठेवते. घोषणा चुकीची असल्यास त्या फंक्शनवर आधारलेली अनुक्रमणिका जुनीच उत्तरे देत राहते.

दुसरा उपाय – पेटी उघडणे :
या प्रश्नावर आयआयटी मुंबई येथे मूलगामी संशोधन झाले. रवींद्र गुरवण्णवर व एस. सुदर्शन यांनी २००८ मध्ये एकेका आदानाऐवजी अनेक आदाने एकत्रित हाताळण्याची पद्धत मांडली. २०१४ मध्ये या दोघांनी कार्तिक रामचंद्र व अन्य सहकाऱ्यांसह फंक्शनमधील विधानेच रिलेशनल क्रियांमध्ये रूपांतरित करून मूळ क्वेरीत मिसळण्याचा मार्ग दाखविला. पुढे रामचंद्र यांनी मायक्रोसॉफ्टमध्ये सहकाऱ्यांसह विकसित केलेली 'फ्रॉइड' ही पद्धत एसक्यूएल सर्व्हर २०१९ मध्ये समाविष्ट झाली.

या पद्धतीत शुल्काचे फंक्शन ६,००० वेळा चालत नाही. विद्यार्थी व शुल्क या दोन तक्त्यांची एकच जोडणी होते आणि ती कशी करावी हे ऑप्टिमायझर ठरवतो. उत्पन्नमर्यादाही प्रत्येक वेळी मूळ तक्त्यातूनच वाचली जात असल्याने शिळ्या उत्तराचा प्रश्न उद्भवत नाही. अर्थात ही पद्धत सार्वत्रिक नाही. लूप असलेली किंवा चालू वेळेवर अवलंबून असणारी फंक्शन्स एसक्यूएल सर्व्हर २०१९ अशा रीतीने उलगडत नाही.

समारोप :
कॅशिंगमुळे काम वाचते, पण फंक्शनचा अर्थ प्रणालीस उमगत नाही. म्हणून फंक्शन लिहिताना ते साध्या जोडणीने टाळता येईल का, आदाने पुन्हा येतात का आणि उत्तराचा आधार कधी बदलतो, हे तीन प्रश्न याच क्रमाने विचारणे इष्ट ठरते. विद्यार्थ्यांना क्वेरीचा वेग शिकविताना तिसऱ्या प्रश्नाकडे दुर्लक्ष होऊ नये. कारण विलंबाने मिळालेली यादी फार तर गैरसोयीची असते, चुकीची यादी मात्र अन्यायकारक ठरते.