फ्लॅश गेलं, पीएचपी उरलं

अॅडोबीने ठरल्याप्रमाणे १२ जानेवारी २०२१ रोजी फ्लॅश प्लेअर ठप्प केला आणि त्याच महिन्यात दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याने चक्क स्वतःचा ब्राउझर काढला. करभरणीचे काही फॉर्म फ्लॅशमध्ये होते आणि नेहमीच्या ब्राउझरमध्ये ते उघडेनात. या बातमीवर हसायला हरकत नाही. फक्त एक लक्षात घ्या: मेला तो फॉर्म, त्यामागचा सर्व्हर नव्हे.

फ्लॅश म्हटलं की गेम आणि लुकलुकत्या जाहिराती आठवतात. पण फ्लॅशची तेव्हाची मालक कंपनी मॅक्रोमीडियाने २००२ साली ‘रिच इंटरनेट ॲप्लिकेशन’ची हाळी दिली, २००४ मध्ये अशी ॲप्स रचायचं फ्लेक्स हे साधन आणलं आणि ऑफिसची कामंही फ्लॅशमध्ये शिरली. तेव्हा सर्व्हरवर पीएचपी चालवणाऱ्या साइटवर बटण दाबलं की सर्व्हर अख्खं पान नव्याने रचून पाठवायचा. फ्लेक्सची स्क्रीन एकदाच उतरायची. पुढे ये-जा फक्त डेटाची.

सुरुवातीचं फ्लेक्स महागडं, त्यात जावाच्या सर्व्हरवर चालणारं. पीएचपीवाल्यांना वाट काढून दिली ती एएमएफपीएचपी या मुक्तस्रोत प्रकल्पाने आणि या सगळ्या प्रकरणात मला खरं कौतुक त्याचंच. इथे फ्लॅश सर्व्हरशी बोलायचं ते एएमएफ या बायनरी भाषेत. तिची रचना कंपनीने जाहीर केली नव्हती. खटपट्या प्रोग्रामरांनी बाइट न्याहाळून ती उलगडली. अॅडोबीने एएमएफचा अधिकृत तपशील खुला केला तो थेट डिसेंबर २००७ मध्ये! पीएचपीचा क्लास एका ठरलेल्या फोल्डरमध्ये टाकला की त्यातली फंक्शन्स फ्लेक्समधून थेट वापरता यायची. आकडा आकडा म्हणूनच पोचायचा. एक्सएमएल सोलत बसायला नको.

याच सोयीत धोकाही होता. स्क्रीनवर बटण नाही म्हणजे फंक्शन सुरक्षित, असा अनेकांचा समज. प्रत्यक्षात लॉगिनची तपासणी लिहिली नसेल, तर पत्ता ठाऊक असलेला कुणीही ते चालवू शकायचा. एएमएफपीएचपीसोबत मिळणारा ‘सर्व्हिस ब्राउझर’ खऱ्या सर्व्हरवर तसाच राहिला, तर आगंतुकाला सगळ्या फंक्शन्सची यादीच मिळायची.

एप्रिल २०१० मध्ये स्टीव्ह जॉब्सने फ्लॅशविरुद्ध जाहीर पत्र लिहिलं, २०११ मध्ये अॅडोबीने फ्लेक्स अपाची फाउंडेशनच्या हवाली केलं आणि २०१७ मध्ये फ्लॅशच्या शेवटाची घोषणाही केली. एवढ्या अवधीनंतरही धांदल उडाली असेल, तर मला अॅडोबीची कीव येत नाही, ग्राहकांचीही फारशी नाही. हिशेबाचे नियम ज्यांनी पीएचपीत ठेवले, त्यांना एएमएफऐवजी जेसन स्वरूपात डेटा पाठवून पुढे जावास्क्रिप्टची नवी स्क्रीन लावता आली. ज्यांनी ते फ्लेक्समध्येच कोंबले, त्यांना सगळं पुन्हा लिहिणं आलं.

आज ब्राउझरमधलं रिअॅक्ट आणि सर्व्हरवरचं लाराव्हेल यांच्यातली वाटणी जवळपास तशीच आहे. ब्राउझरमध्ये सवलतीचा दर मोजणारा कोड दिसला की मी आधी सर्व्हरची बाजू उघडून दाखवायला सांगतो. तिथे तो दर पुन्हा तपासलेला क्वचितच सापडतो.