स्मृतिभ्रंशाचे निदान आणि स्थळ

स्मृतिभ्रंशाचे निदान पुष्कळ अंशी प्रश्नोत्तरांवर ठरते. टिळकवाडीतील ज्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर मराठीत रोजमेळ लिहिला, त्यांस गजबजलेल्या कक्षात कन्नड वा इंग्रजीत तारीख-वार विचारल्यास, चूक स्मृतीची की भाषेची, हे कसे कळावे? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने विकसित केलेल्या चाचणीसंचाच्या पहिल्या पाच भाषांत (२०२०) कन्नड होती, मराठी नव्हती.

निकाल तर बहुधा मुलाच्या कानी पडतो. वडील बाहेर बाकावरच! आमच्या मते हे अनुचित होय. शांत खोली, मातृभाषा, चष्मा, श्रवणयंत्र व सोबतीस घरचे माणूस, एवढे सभासदांनी निःसंकोच मागून घ्यावे. आजार प्रारंभीच उमगल्यास पेढीवरील सह्यांचे अधिकार आणि मृत्युपत्र त्यांना स्वतःच्या विचाराने ठरविता येतात.