आकडा घसरला म्हणजे मत बदललं का?

पीएचडीच्या पहिल्या वर्षी डिपार्टमेंटच्या सेमिनारमध्ये मी एक आलेख दाखवला होता. त्यात चार ठिपके होते: ५६, ५४, ५२ आणि ४५. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या, म्हणजे एनएफएचएसच्या, दुसऱ्या ते पाचव्या फेरीतले हे आकडे. 'अमुक कारण असेल तर नवऱ्याने बायकोला मारणं योग्य आहे' हे निदान एका कारणासाठी मान्य करणाऱ्या स्त्रियांची ही टक्केवारी. मी ठिपके जोडले, रेघ खाली आली, आणि खाली निष्कर्ष लिहून टाकला: वीस वर्षांत स्त्रियांचं मत हळूहळू बदलतंय.

गाइडनी एवढंच विचारलं, "चारही वेळा प्रश्न तोच होता का?"

मला माहीत नव्हतं. एमएस्सीला स्टॅटिस्टिक्स केलं होतं, त्यामुळे मॉडेल बसवता येत होतं. पण अहवालाच्या मागे छापलेली प्रश्नावली मी उघडूनही पाहिली नव्हती. तुमच्यापैकी ज्यांना सर्व्हेचा डेटा घेऊन 'समाजाच्या दृष्टिकोनातला बदल' असा विषय मांडायचा आहे, त्यांनी ही चूक करू नये म्हणून हा लेख.

पहिला प्रश्न: मोजपट्टी तीच आहे का?

एनएफएचएसची पहिली फेरी १९९२-९३ ला झाली. मुंबईत देवनारला असलेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था तिचं काम पाहते. मारहाणीबद्दलचा हा प्रश्न दुसऱ्या फेरीत, १९९८-९९ मध्ये आला. तेव्हा स्त्रियांना सहा कारणं वाचून दाखवली होती: चारित्र्याचा संशय, माहेरून अपेक्षित पैसे न येणं, सासू-सासऱ्यांचा अनादर, न सांगता बाहेर जाणं, घराकडे किंवा मुलांकडे दुर्लक्ष, आणि नीट स्वयंपाक न करणं.

तिसऱ्या फेरीत, २००५-०६ मध्ये, कारणं सात झाली. माहेरच्या पैशांचं कारण गेलं आणि नवऱ्याशी वाद घालणं व शरीरसंबंधाला नकार देणं ही दोन आली. आपला आकडा 'किमान एक कारण मान्य' असा आहे, हे लक्षात घ्या. अशा आकड्यात कारण वाढवलं की टक्केवारी फक्त वाढू शकते, कमी होऊ शकत नाही. काढलं की उलट. इथे एक काढलं आणि दोन घातली. म्हणजे ५६ वरून ५४ ही घसरण प्रत्यक्षात मोठी असेल किंवा लहान, पण या दोन आकड्यांवरून ते सांगताच येत नाही.

यावर उपाय आहे. दोन्ही फेऱ्यांत सारखी असलेली पाच कारणं घ्यायची आणि मूळ डेटावरून 'किमान एक' पुन्हा मोजायचं. अहवालातला तयार आकडा उचलायचा नाही.

दुसरा प्रश्न: विचारलं कोणाला?

दुसऱ्या फेरीत फक्त विवाहित किंवा कधीतरी विवाह झालेल्या स्त्रिया होत्या. तिसऱ्या फेरीपासून १५ ते ४९ वयाच्या सगळ्या स्त्रिया आल्या, म्हणजे अविवाहित मुलीही. पुरुषांना हा प्रश्न तिसऱ्या फेरीपासून विचारला जातो. त्यामुळे माझ्या आलेखातला पहिला ठिपका वेगळ्याच गटाचा होता.

आणखी एक गोष्ट. पाचव्या फेरीत ७ लाखांहून जास्त स्त्रियांची मुलाखत झाली, हे आपण सगळीकडे वाचतो. पण हा प्रश्न राज्य-स्तरीय भागात येतो आणि तो भाग साधारण १५ टक्के कुटुंबांतच राबवला गेला. म्हणजे उत्तरं साधारण १ लाख स्त्रियांची. देशपातळीवर ती भरपूर आहेत. पण तुम्ही एका राज्यातल्या १,००० जणींची दोन फेऱ्यांत तुलना करत असाल, तर साध्या सॅम्पलच्या हिशेबानेही चार-साडेचार टक्क्यांपर्यंतचा फरक निव्वळ योगायोगाने दिसू शकतो. सर्व्हेत गावं आणि वस्त्या गटाने निवडतात, त्यामुळे खरी मर्यादा याहून मोठी असते. 'आमच्या जिल्ह्यात तीन टक्क्यांनी सुधारणा' असं लिहिण्याआधी हे आठवा.

शिवाय पाचवी फेरी दोन टप्प्यांत झाली. महाराष्ट्रासह १७ राज्यांचं काम पहिल्या टप्प्यात, जानेवारी २०२० पर्यंत उरकलं. बाकीच्या राज्यांचं काम कोविडमुळे मध्येच थांबलं आणि एप्रिल २०२१ पर्यंत चाललं. राज्याराज्यांची तुलना करताना हेही बघावं लागतं.

तिसरा प्रश्न: मतं बदलली की माणसं?

एनएफएचएस दर वेळी नवी माणसं निवडतो. त्याच व्यक्तीला दहा वर्षांनी पुन्हा विचारत नाही. त्यामुळे एकाही गटाचं मत न बदलता सरासरी बदलू शकते. एक काल्पनिक हिशेब बघा. १०० स्त्रियांपैकी ६० कमी शिकलेल्या, त्यांच्यात ६० टक्के 'हो' म्हणतात. ४० जास्त शिकलेल्या, त्यांच्यात ४० टक्के. एकूण झाले ३६ अधिक १६, म्हणजे ५२. आता पुढच्या फेरीत प्रमाण उलटलं: ४० कमी शिकलेल्या, ६० जास्त. दोन्ही गटांची टक्केवारी तीच ठेवा. एकूण २४ अधिक २४, म्हणजे ४८. चार टक्के घसरले, पण दोन्ही गट होते तिथेच आहेत.

हे वेगळं काढण्याची सोपी पहिली पायरी म्हणजे जन्मवर्षानुसार गट पाडणं. २००५-०६ मधल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांची तुलना २०१५-१६ मधल्या ३० ते ३४ वयाच्या स्त्रियांशी करा. माणसं तीच नसली तरी पिढी तीच आहे. पिढीच्या आत आकडा हलला तर काळाचा किंवा वयाचा परिणाम शोधा. हलला नाही, तर बदल नव्या पिढीमुळे आलाय.

चौथा प्रश्न: उत्तर कशाचं दिलं?

'योग्य आहे का' हा शब्द फसवा आहे. बाई स्वतःचं मत सांगते, की 'आमच्याकडे असंच मानतात' हे सांगते? बांगलादेशच्या ग्रामीण भागात सिडनी शुलर आणि फरझाना इस्लाम यांनी अशाच प्रश्नांवर सविस्तर मुलाखती घेतल्या. त्यांचा २००८ चा लेख सांगतो की हे दोन अर्थ उत्तरात मिसळतात. आपल्याकडच्या भारत मानव विकास सर्वेक्षणात तर प्रश्नच वेगळा आहे: तुमच्या समाजात अशा वेळी नवरे सहसा मारतात का? तो स्वतःच्या मताचा प्रश्नच नाही. म्हणून हे दोन सर्व्हे एका आलेखावर ठेवता येत नाहीत.

पाचव्या फेरीत 'हो' म्हणणाऱ्या स्त्रिया तेलंगणात साधारण ८४ टक्के होत्या आणि हिमाचलमध्ये साधारण १५. एवढी तफावत दिसली की समाजाबद्दल बोलण्याआधी दोन्ही भाषांतल्या प्रश्नावल्या शेजारी ठेवून वाचाव्यात असं मला वाटतं. फरक खराही असेल, पण आधी वाचा.

मग उरलं काय?

बरंच उरलं. तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या फेरीत कारणं तीच सात आहेत आणि वयोगटही तोच. स्त्रियांमध्ये आकडे ५४, ५२, ४५. पुरुषांमध्ये ५१, ४२, ४४. म्हणजे आधीच्या दहा वर्षांत पुरुषांचा आकडा बराच उतरला आणि स्त्रियांचा जेमतेम हलला. नंतर उलट झालं: स्त्रियांचा सात टक्क्यांनी खाली आला आणि पुरुषांचा किंचित वर गेला. हे असं का? माझ्या पहिल्या आलेखात हा प्रश्न दिसतच नव्हता, कारण त्यात पुरुष नव्हते आणि चार ठिपक्यांची सरळ रेघ मला फार आवडली होती. आता माझं एक पूर्ण प्रकरण याच प्रश्नावर आहे.

आणि यात फक्त माझं प्रकरण पणाला लागलेलं नाही. 'स्त्रियांची मानसिकता बदलली' असं आपण लिहिलं की कोणीतरी ते वाचून ठरवतं की आता या विषयावर काम करायची फारशी गरज नाही. पाचव्या फेरीतही सासू-सासऱ्यांचा अनादर हे कारण ३२ टक्के स्त्रियांना मान्य होतं.

तर सिनॉप्सिस लिहायच्या आधी एवढं करा. प्रत्येक फेरीची प्रश्नावली डाउनलोड करून तुमचा प्रश्न शब्दशः एका तक्त्यात उतरवा. शेजारच्या रकान्यांत लिहा: कोणाला विचारलं, किती जणांना, कोणत्या महिन्यांत, कोणत्या भाषेत. जिथे रकाने जुळत नाहीत, तिथे रेघ जोडू नका. या कामाला दोन दिवस लागतात. मला ते न केल्यामुळे एक सेमिनार आणि चार महिने लागले.