सियोनपासून मोआबपर्यंत : फिरत्या घरातून केलेला एक प्रवास

नेगेवमध्ये निम्मी हयात काढलेल्या माणसांनी वाळवंट पाहण्यासाठी पदरमोड करून अमेरिकेस जावे, ही गोष्ट आमच्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना अखेरपर्यंत पटली नाही. "बसने मित्स्पे रामोनला जाऊन या, तेवढेच दगड तेथेही आहेत," असा सल्ला आम्हां उभयतांना सिनेगॉगच्या पायऱ्यांवर मिळाला. सल्ला अगदीच टाकाऊ नव्हता. परंतु आम्हांला ओढ लागली होती ती एका नकाशाची. अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडील युटा राज्याचा नकाशा उघडला, की झायन म्हणजे आपले सियोन, मोआब, एफ्राइम, गोशेन, सालेम अशी नावे एकामागून एक समोर येतात. तेथे यार्देन नावाची नदीसुद्धा आहे. १८४७ साली मॉर्मन पंथाचे लोक त्या प्रदेशात वस्तीस आले, तेव्हा गोड्या पाण्याच्या सरोवरातून निघून खाऱ्या सरोवरास मिळणारी एक नदी त्यांना आढळली. किन्नेरेत आणि मृत समुद्र यांची आठवण होऊन त्यांनी तिला हे नाव दिले. आपल्या पवित्र ग्रंथातील नावे दुसऱ्या कोणाच्या भूमीवर कशी बसली आहेत, आणि त्यांच्याखाली आधीची कोणती नावे दडली आहेत, हे डोळ्यांनी पाहावे असे आमच्या मनाने घेतले.

२०२५ च्या मे महिन्यात, ओमेरचे दिवस मोजत मोजत, आम्ही हा तीन आठवड्यांचा प्रवास केला. वाहन म्हणून लास व्हेगास येथे पंचवीस फूट लांबीची आर. व्ही. भाड्याने घेतली. तिला मराठीत फिरते घर म्हणणेच योग्य. शेगडी, शीतपेटी, पलंग, मोरी, शौचकूप, सारे काही चार चाकांवर. आपले तांदूळ, डाळ, वाल आणि भांडी बरोबर असल्यामुळे कश्रुतचा प्रश्न घरच्याइतकाच सोपा झाला, हा या वाहनाचा आमच्या लोकांना सांगण्याजोगा सर्वांत मोठा गुण. दोष म्हणजे इंधन. लिटरमागे चार किलोमीटर पडले तर नशीब. गाडीच्या पोटात पाण्याच्या तीन टाक्या असतात : पिण्याच्या पाण्याची, भांडी-आंघोळीच्या राखाडी पाण्याची आणि शौचकूपाच्या काळ्या पाण्याची. दर तीन-चार दिवसांनी नेमलेल्या ठिकाणी जाऊन जाड नळीने ही शेवटची टाकी रिकामी करावी लागते. आमच्या पिढीला काळे पाणी म्हटले की अंदमान आठवते. येथील काळ्या पाण्याची शिक्षा दहा मिनिटांची असते, एवढाच दिलासा.

लास व्हेगासहून सुमारे अडीचशे किलोमीटरांवर झायन लागते. तांबड्या-पांढऱ्या वालुकाश्माचे सहा-सातशे मीटर उंचीचे कडे, मध्ये व्हर्जिन नावाची लहानशी नदी आणि तिच्या काठी हिरवीगार झाडे. घळीच्या आतील रस्त्यावर प्रवासाच्या हंगामात खासगी मोटारी नेता येत नाहीत. २००० सालापासून उद्यानाच्या बसगाड्या चालतात. अशाच बसमधून जाताना ध्वनिक्षेपकावरून ऐकू आले, की डावीकडील तीन शिखरे म्हणजे आब्राहाम, इसहाक आणि याकोब. आम्ही दोघेही चटकन उठून उभे राहिलो! ही नावे १९१६ साली फिशर नावाच्या एका मेथडिस्ट धर्मोपदेशकाने दिली. 'सियोन' हे नाव त्याहून जुने, १८६० च्या दशकात येथे शेती करण्यास आलेल्या मॉर्मन वसाहतकऱ्यांचे. त्यांचा धर्मनेता ब्रिगम यंग येथे आला असता 'हे सियोन नव्हे' असे म्हणाला आणि काही आज्ञाधारक लोक काही काळ या जागेस 'सियोन नव्हे' याच नावाने ओळखू लागले, अशी कथा तेथे सांगतात. ती ऐकून सगळे हसले. आम्हीही हसलो, पण आम्हांला १९६२ साल आठवले. सियोनात येऊन पोहोचल्यावर धर्माधिकाऱ्यांकडून आपल्या कुळाची चौकशी झाली, ती हकिगत ज्यांनी भोगली ते आज थोडेच उरले आहेत. १९६४ च्या ऑगस्टात क्नेसेतने बेने इस्राएल हे सर्व बाबतींत यहुदीच आहेत असे ठरावाने सांगितले, तोवर दोन वर्षे लोक रस्त्यावर होते.

पण या घळीचे खरे जुने नाव तिसरेच आहे. १९०९ साली सरकारने ही जागा प्रथम संरक्षित केली, तेव्हा येथील मूळच्या पायूट लोकांच्या भाषेतील मुकुन्तुवीप हे नाव कागदोपत्री घेतले होते. त्याचा अर्थ सरळ घळ असा सांगितला जातो. परक्यांना ते उच्चारता येत नाही, या सबबीवर १९१८ मध्ये ते काढून झायन करण्यात आले. पुढील वर्षी राष्ट्रीय उद्यान जाहीर झाले ते याच नावाने.

आमचा पहिला शब्बाथ येथेच झाला. छावणीतील लाकडी मेजावर काचेच्या पेल्यांत पाणी आणि तेल घालून वाती लावल्या, आणि किद्दुशसाठी घरच्या रीतीप्रमाणे काळ्या मनुकांचे सरबत केले. सूर्यास्त साडेआठच्या सुमारास असला, तरी कड्यामागे सूर्य फार आधी जातो. त्यामुळे दिवे लावण्याची वेळ आकाशाकडे पाहून ठरवता येत नाही, पंचांगच पाहावे लागते.

झायनहून पूर्वेकडे जाणारा रस्ता १९३० साली खुला झालेल्या, मैलभराहून थोड्या अधिक लांबीच्या बोगद्यातून जातो. त्या काळच्या मोटारींच्या मापाने तो कोरलेला असल्यामुळे आमच्या घरासाठी पंधरा डॉलर जादा भरावे लागले. समोरची वाहतूक थांबवून आम्हांला मधोमध सोडण्यात आले. २०२६ च्या जूनपासून मोठ्या गाड्यांना हा रस्ता बंद करण्याचा निर्णय उद्यानाने जाहीर केलेला आहे. तेव्हा आमच्या मागून जाऊ इच्छिणाऱ्यांनी वळसा धरूनच दिवसांचा हिशेब करावा. पुढे पेज गावी कोलोरॅडो नदीवरील धरण आणि पॉवेल सरोवर ओझरते पाहिले. खडकांवर जुन्या पाणीपातळीचा पांढरा पट्टा कित्येक मजले उंच दिसतो. २०२३ च्या आरंभी सरोवर भरल्यापासूनची सर्वांत कमी पातळी तेथे नोंदली गेली.

ग्रँड कॅनियनविषयी आजवर इतके लिहिले गेले आहे, की आम्ही आणखी काय सांगावे? लांबी ४४६ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २९ किलोमीटर, खोली दीड किलोमीटरहून अधिक. हे आकडे वाचून जाणाऱ्या माणसाला काठावर उभे राहिल्यावर त्यांचा काहीही उपयोग होत नाही. आम्हांला तेथे खिळवून ठेवले ते पुन्हा नावांनीच. क्लॅरेन्स डटन नावाच्या भूगर्भशास्त्रज्ञाने १८८० च्या सुमारास दरीतील सुळक्यांना विष्णूचे व शिवाचे मंदिर अशी नावे दिली. पुढे त्याच रीतीने इतरांनी भर घातली, आणि आज त्याच दरीत शलमोनाचे आणि शबाचेही मंदिर आहे. तळाशी उघडा पडलेला, सुमारे १७० कोटी वर्षांपूर्वीचा काळा खडक विष्णूच्या नावाने ओळखला जातो. आपल्या कुलाबा जिल्ह्यातील काळा कातळ अवघा साडेसहा कोटी वर्षांचा, म्हणजे त्याच्यापुढे तान्हे मूल. अलिबागच्या वाटेवर विष्णू-शंकराच्या देवळांच्या शेजारी वाढलेल्या आणि शलमोनाचे मंदिर प्रार्थनेत रोज स्मरणाऱ्या आम्हां माणसांना एकाच दुर्बिणीतून दोन्ही दिसावीत, याची मौज वाटल्यावाचून राहिली नाही.

मात्र याच काठावरून खाली, वाटेच्या मध्यावर, झाडांचा एक हिरवा ठिपका दिसतो. तेथे हवासुपाई लोक झऱ्याच्या पाण्यावर मका आणि भोपळे पिकवीत. १९१९ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि १९२८ मध्ये त्यांच्यातील शेवटच्या रहिवाशाला तेथून घालवून देण्यात आले. माणसे गेली, जागेचे नाव मात्र 'इंडियन गार्डन' असे राहिले. १९७५ च्या कायद्याने या जमातीला तिची १,८५,००० एकर भूमी परत मिळाली, ती दुसऱ्या भागातली. नोव्हेंबर २०२२ मध्ये त्या हिरव्या ठिपक्याचे नाव बदलून हवासुपाई गार्डन्स झाले. जागा सरकारकडेच आहे. चौऱ्याण्णव वर्षांनी नुसते नाव परत मिळाले, तर त्याचे मोल किती? आमच्यात यावर रात्री बराच वाद झाला. एकाचे म्हणणे, पाण्यावाचून नाव काय कामाचे? दुसरीचे म्हणणे, शेजारी आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या शनवार तेली म्हणत राहिले, तेव्हा बेने इस्राएल हे नाव आपणच सांभाळले नसते, तर पुढे परत मिळवायला उरले काय असते? वाद अद्याप मिटलेला नाही.

दरीच्या पूर्व टोकाकडून उतरले, की नावाहो लोकांचे राष्ट्र सुरू होते. नावाहो हेही दुसऱ्यांनी दिलेले नाव. ते स्वतःस दिने, म्हणजे माणसे, म्हणवतात. त्यांची भूमी इस्राएलच्या तिप्पट भरेल. येथे घड्याळाची एक गंमत आहे. ॲरिझोना राज्य उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, दिने राष्ट्र करते, आणि त्याच्या पोटात असलेली होपी लोकांची भूमी पुन्हा करत नाही. ट्यूबा सिटी या दिने गावालगतच होपींचे मोएन्कोपी आहे. रस्ता ओलांडला की तास बदलतो! शुक्रवारी दुपारी तेथे पोहोचणाऱ्या यहुदी माणसाने दिवे लावायची वेळ दोनदा तपासून घ्यावी.

ट्यूबा सिटीजवळ उघड्या कातळावर प्राचीन सरपटणाऱ्या प्राण्यांची तीन बोटांची पावले उमटलेली आहेत. तेथील दिने वाटाड्या बाईंनी बाटलीतील थोडे पाणी एका पावलावर ओतले, आणि ते एकदम ठळक झाले. आमच्यापैकी एकीने डोक्यावर पदर घेतला. अलिबागेजवळील खंडाळे येथे एलियाहू हन्नवीच्या रथाची चाके आणि घोड्यांच्या टापा खडकावर दाखवतात, तेथे आमच्या आजीनेही असेच पाणी ओतलेले आठवत होते. प्रवास सुखरूप झाला तर मलिदा करू, असा नवस आम्ही निघतानाच बोललो होतो. त्या बाईंनी विचारले, "तुम्ही कुठले?" मूळचे इंडियन, असे आम्ही म्हणालो. त्या हसून म्हणाल्या, "इंडियन आम्हांलाही म्हणतात. तुमची जमात कोणती?" आम्ही सांगितले, बेने इस्राएल. त्यांनी ते दोनदा उच्चारून पाहिले आणि मान डोलावली. पुरावा काही मागितला नाही.

तेथून पुढे बेटाटाकिन हे ठिकाण लागते. कड्याच्या एका अजस्र कमानीखाली शंभराहून अधिक खोल्यांचे मातीदगडाचे गाव आहे. तुळयांच्या लाकडातील वर्तुळे मोजून ते १२६७ ते १२८६ या काळात बांधले गेल्याचे निश्चित झाले आहे. १३०० च्या सुमारास ते रिकामे झाले. तेराव्या शतकाच्या अखेरीस पडलेला दीर्घ दुष्काळ हे त्याचे एक मोठे कारण. जुन्या प्रवासी पुस्तकांतून 'लुप्त झालेली जमात' असे मोठे गूढ रंगवलेले असते. त्यांना दिलेले 'अनासाझी' हे नाव दिने भाषेतून घेतलेले, आणि त्यात शत्रूंचे पूर्वज असा अर्थ येतो. होपी लोकांना ते अर्थातच रुचत नाही. ते म्हणतात, लुप्त कोण झाले? ते आमचे आजे-पणजे. तेथून निघाले आणि आमच्या या पठारांवर आले. त्यांच्या कुळांना कोठून कोणत्या वाटेने आलो ते मुखोद्गत असते. ही गोष्ट आम्हांला कोणी समजावून देण्याची गरज पडली नाही. रेवदंड्याच्या सिनेगॉगकडे आज एखादा प्रवासी पाहील, तर त्यालाही वाटेल की येथील लोक गेले कोठे. ते लोद, अश्दोद, दिमोना येथे आहेत, आणि पेणकर, रोहेकर, नवगावकर अशी आपल्या गावांची पाटी नावापुढे लावून हिंडत आहेत.

मॉन्युमेंट व्हॅलीचे सुळके चित्रपटांमुळे सर्वांना परिचित आहेत. जॉन फोर्डने १९३९ च्या 'स्टेजकोच'पासून ते जगाला दाखवले. आमचे फिरते घर तेथील कच्च्या रस्त्यावर नेता येत नसल्याने आम्ही एका दिने तरुणाच्या उघड्या जीपमधून फिरलो. त्याने सुळक्यांपेक्षा पाण्याविषयी अधिक सांगितले. १८६४ मध्ये अमेरिकन सैन्याने त्याच्या पूर्वजांना शेते जाळून, फळझाडे तोडून, पायी पाचशे किलोमीटर दूर न्यू मेक्सिकोत नेऊन कोंडले. वाटेत आणि तेथे असंख्य माणसे दगावली. १ जून १८६८ रोजी तह झाला आणि ते स्वतःच्या भूमीवर परत आले. असे भाग्य अमेरिकेतील फार थोड्या जमातींना लाभले. परंतु त्या तहामुळे सरकारवर पाणी मिळवून देण्याची बांधिलकी येत नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी दिला. त्याच्या आजीच्या घरी आजही पिंपे भरून पाणी आणावे लागते. आम्ही त्या दिवशी छावणीवर गाडीची टाकी नळाने काठोकाठ भरून घेतली होती. ते त्याला सांगण्याचे आमच्या जिवावर आले.

मोआब हे आमचे शेवटचे मुक्कामाचे गाव. कोलोरॅडोच्या काठी, लाल कमानींच्या उद्यानालगत, सायकलस्वारांनी गजबजलेले. या नावावर येथील जुन्या वसाहतकऱ्यांचाच रोष होता. तोरातील मोआबाची जन्मकथा त्यांना लाजिरवाणी वाटे, आणि १८९० च्या सुमारास नाव बदलावे म्हणून त्यांनी सह्यांचा अर्जही केला. तो फेटाळला गेला. अर्ज करणाऱ्यांना रूथ कशी आठवली नाही, कोण जाणे! १ जूनच्या संध्याकाळी शावुओत लागणार होता. दुपारीच दिमोन्याहून आणलेले पोहे भिजवले, त्यांत खोबरे, साखर, वेलदोडे आणि सुकामेवा घातला, पाच फळे मांडली आणि एलियाहू हन्नवीचा मलिदा केला. शेजारच्या फिरत्या घरातील जर्मन दांपत्याला एक-एक वाडगा दिला, तो त्यांनी चाटूनपुसून परत केला. रात्री आम्ही दोघांनी रूथचे पुस्तक आलटूनपालटून मराठीतून वाचले. पहिल्याच अध्यायात मोआब हे नाव किती वेळा येते, ते आजवर आमच्या ध्यानात आले नव्हते. मंगळवारी सकाळी काळ्या पाण्याची टाकी शेवटची रिकामी केली आणि सुमारे सव्वासातशे किलोमीटरांवरील लास व्हेगासचा रस्ता धरला.